सोपानमामांची दुरुस्ती

तळेगाव ढमढेऱ्यात आमच्या शेजारी राहणारे सोपानमामा कोणाचंही बोलणं दुरुस्त केल्याशिवाय आत घेत नाहीत. जीपवाला "हे निघालोच" म्हणाला, की चाळीस मिनिटं मिळवून मामा खुशाल चहाला जातात. पाहुणा "अर्धीच भाकरी" म्हणाला, की दोन वाढतात. माझ्या वजनात तर न विचारता चार किलो घालतात.

त्यांची सारी नोकरी कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्यात झाली. "काटा खोटं बोलत न्हाई," ते सांगतात, "फकस्त एका अंगाला कलून बोलतो. किती कलतो, तेवढं हुडकायचं."

त्यांची मुलगी वैशाली परदेशात हवामानाचा अभ्यास करते. गेल्या वर्षी तिनं कम्प्युटरनं गणित करून काढलेले गावच्या जुन्या पावसाचे आकडे पाठवले. मामांकडे त्याच वर्षांच्या वह्या होत्या, गच्चीवरच्या पर्जन्यमापकाच्या. कम्प्युटरचा पाऊस रोज थोडाथोडा पडायचा. "आपल्या पावसाला एवढी शिस्त कवा हुती?" मामा भडकले.

वैशालीनं दुरुस्तीच्या तीन पद्धती कळवल्या. एकीत सरासरी फरक वजा करायचा, दुसरीत ठरावीक पटीनं भागायचं, तिसरीत बारीक पावसाला वेगळी दुरुस्ती आणि धो धो पावसाला वेगळी. सरस कोणती, ते मामांनी सांगायचं. मामांनी निम्म्या वर्षांच्या आकड्यांवर तिन्ही दुरुस्त्या बसवल्या. उरलेल्या वर्षांच्या वह्या सुतळीनं बांधून मामींच्या हार घातलेल्या फोटोमागं ठेवल्या, त्यांच्यावर पद्धतींची परीक्षा घ्यायची होती, त्याआधी नजर जायला नको म्हणून. पहिल्या पद्धतीत मे महिन्याचा पाऊस शून्याच्याही खाली गेला. म्हणजे ढगांनी आमच्या विहिरीतलं पाणी परत नेलं, असं मामांचं म्हणणं.

दर रविवारी वैशालीचा फोन येतो. "निकाल लागला का, आबा?"

"अजून न्हाई."

परवाच्या रविवारी निकालाची वही माझ्या हाती लागली. तिसऱ्या पद्धतीपुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. तारीख चार महिन्यांपूर्वीची, उन्हाळ्यातली.

"मामा, हे तर कधीच झालंय."

मामा खिडकीकडं बघत म्हणाले, "निकाल लागला की परीक्षा संपती. मग रविवारी ती काय म्हणून फोन करंल?"

मी वही मिटून होती तिथं ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी नेहमीसारखा स्पीकर लावला. "अजून न्हाई गं," मामा म्हणाले, "तिसरीत जरा घोळ हाय."

वैशाली म्हणाली, "सावकाश करा, आबा. हे झालं की दौंडचे आकडे पाठवते. मग शिरूरचे."

मामांनी फोन ठेवला, खोडरबर शोधलं आणि ती खूण पुसून टाकली.

"सावकाश म्हणजे किती धरायचं, मामा?" मी विचारलं.

"ती म्हणली तेवढंच," मामा म्हणाले. "तिच्या बोलण्याला दुरुस्ती न्हाई."