वैशूचे पोट्टे

जरा जवळ सरका, हं, असे. घरी येनं तं तुमी सोडूनच देलं, आन् वरतून आमच्या वैशूची हकीकत एसटी स्टँडवर इचारता? मले इचाराची ना! मी तिची मोठीमाय. माह्या डोळ्यापुढं लहानाची मोठी झाली ते.

तुमी आयकलं ते खरं हाय. वैशूले पोट्टे हायत. लगन नाई, पन पोट्टे हायत. ते पान्यात पोहतात, आन् साध्या डोळ्याले दिसत नाईत.

तोंड उघडं टाकू नका. आयका.

वैशू म्हंजे माह्या दिराची पोरगी. आमचं घरदार अनसिंगले, वावर भाजीपाल्याचं. वांगे, मेथी, हिरव्या सांबाराच्या जुड्या. वैशू मात्र बंगलोरले प्रयोगशाळेत. तिथं काय करते, तं केसाच्या जाडीपक्षा बारीक वाटी बनवते. त्या वाटीत हवेचा एक बुडबुडा असते. मंग मशीननं आवाज करते, अल्ट्रासाउंड, आपल्या कानाले आयकूच येत नाई असा. त्यानं बुडबुडा थरथरते, पानी मांगं फेकते, आन् वाटी चालली पुढं! ना बैल, ना इंजन, निसती हाक. हाक थांबली का वाटी जागच्या जागी उभी, जराशी बी घसरत नाई. "एवढ्या लहानाले पानी म्हंजे काकवी वाट्टे, मोठीमाय." या वाट्याइलेच ते 'माहे पोट्टे' म्हनते. कधी ना कधी हे पोट्टे अंगात औषध घिऊन जातीन, नेमकं दुखते तिथंच, असा तिचा मनसुबा.

मनसुबा चांगला हाय, पन पोरगी घरात वापराची राह्यली नाई. वरनाले उकळी आली का चुलीपाशी फतकल मारून पाह्यत बसते. इकडं वरन बुडाले लागते, आन् हे म्हनते, "थांब ना, कसा सुंदर बुडबुडा हाय!" कोनी रुसलं का, "बुडबुडा फुटला वाट्टे." एकदा बापालेच असं म्हटलं, तं तो आनखीनच फुगला.

मांगच्या खेपेले शेजारची रुखमा गरवार सुनेले घिऊन आली. वैशू आवाजाच्या मशीनीवर हाय, एवढंच तिच्या कानावर गेलेलं. म्हने, "लेकरू बरं हाय का, तेवढं पाहून दे."

"काकू, मी पाह्यत नाई. मी ढकलते."

रुखमानं सुनेचा हात धरला, ते थेट आपल्या घरात.

आन् मंग यंदा उन्हाळ्यात किन्हीराजाचे पाहुने वैशूले पाहाले आले. आजवर पाहुने म्हटले का वैशू वावरात पयून जाय. पन या पोरासंगं, गजाननसंगं, फोनवर बोलनं झालं होतं. त्या दिवशी तिनं सोताच साडीले इस्त्री केली. मले हळूच इचारलं, "मोठीमाय, हे कानातले बरे दिसतात का वं?" मी काय समजाचं ते समजली. हे जमावं, असं पोरीच्या मनात होतं.

पोहे आले. गजाननच्या मायनं इचारलं, "पोरी, लगन झाल्यावर नोकरी सोडशीन का?"

"नोकरीचं पाहू," वैशू म्हने, "पन माहे पोट्टे मी सोडनार नाई. लय जीव लावला त्याइले."

बाईचा घास हातातच राह्यला. "पोट्टे? किती हायत?"

"एका थेंबात हजारएक तरी असतीन."

"आन् त्यायचा बाप?"

"बाप कायचा! मीच बनवले, मशीनीवर."

मी खोकली, डोळे वटारले, पदर हालवला. कायचं काय! वैशूचा बाप खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसून गेला. बाई उठली, दारापाशी गेली, एका पायात चप्पल घातली. "चाल रे गजानन."

वैशूचं तोंड उतरलं. तवा कुठं तिले उमगलं का आपन काय बोलून बसलो.

गजानन उठला नाई. म्हने, "दाखवा तं खरं तुमचे पोट्टे."

तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढं केला. पडद्यावर दुर्बिनीतून मोठे केलेले, मोहरीसारखे दाने. एकाएकी सारे चालाले लागले. एक तेवढा तिथंच उभा. फोनातून वैशूचाच आवाज आला, "चाल रे बापा, चाल ना पुढं! काहून अडून बसला? साऱ्याइच्या मांगं राह्यशीन ना!"

गजानन हासला. "मशीनच्या आवाजानं चालतात म्हनता, मंग तुमी काहून बोलता?"

वैशू खाली पाहू लागली. "त्याइले आयकू येत नाई, मले मालूम हाय. पन तिथं आपल्या बोलीत बोलाले कोनीच नाई. दिवसभर इंग्रजी, कानडी, हिंदी. सांजच्याले सारे घरी जातात. मंग वाट्टे, आपली बोली जिभेवरच वाळून जाईन. म्हून यायच्यासंगं बोलत बसते."

दारातल्या बाईनं पायातली चप्पल काढली, माघारी आली आन् वैशूले खेटून बसली. "बोल माय," म्हने, "आमच्यासंगं बोल."

वैशूनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. बाई निसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राह्यली.

लगनाची पुढची बोलनी दिवाळीत हायत. वैशू येऊन राह्यली तवा. तुमी बी या. तिले कामधाम इचारू नका, पगार इचारू नका. वांग्यायचं बोला, जावेचं गाऱ्हानं सांगा, वाटलंच तं भांडा तिच्यासंगं. पन आपल्या बोलीत. आन् लवकर या, बापा.