समुद्रापलीकडच्या काही शक्ती

अमरावतीच्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धेचा विषय रीतसर मंजूर झाला: 'अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाने जगाला स्थैर्य मिळते की हानी होते?' चिठ्ठ्या टाकल्या. देवश्रीला स्थैर्य आलं, दीपमालाला हानी.

दीपमाला नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीने येणारी, कंडक्टर धर्मेंद्र यांची मुलगी. तीन आठवडे तिने वाचनालयात काढले. इराकमध्ये न सापडलेली शस्त्रं, अफगाणिस्तानातली वीस वर्षं, सगळं तारीखवार. अमेरिका नसेल तर समुद्री व्यापाराचे मार्ग राखणार कोण, हा देवश्रीचा मुद्दा तिला खरोखर अवघड गेला. पण त्यालाही तिने उत्तर शोधलं.

स्पर्धेच्या चार दिवस आधी वादसभेचे प्रमुख चिंतामण सरांनी तिला बोलावलं.

"भाषण उत्तम आहे. फक्त 'अमेरिका' हा शब्द काढ."

"सर, विषयच तो आहे."

"विषय राहू दे, शब्द काढ. माझा मुलगा सोहम तिकडे आहे, त्याचा व्हिसा नूतनीकरणाला आहे. ते लोक आजकाल मोबाईलमधलंही तपासतात म्हणे. स्पर्धेचं चित्रीकरण होणार, आणि निमंत्रणपत्रिकेवर सही माझी."

दीपमालाने 'एक देश' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव वामनराव यांच्याकडून कागद परत आला. त्यांची सून न्यू जर्सीत. शेरा होता: 'एक देश म्हटल्याने देश ओळखू येतो. समुद्रापलीकडच्या काही शक्ती, असे करावे.' मग प्राचार्यांना त्यांची बोस्टनची भाची आठवली. इराकचा 'वाळवंटी प्रदेश' झाला, अफगाणिस्तानचा 'डोंगराळ भाग'. त्यावर ग्रंथपालांनी शंका काढली, की हे मेळघाटाविषयी समजून वनखात्याची हरकत आली तर? डोंगरही गेले. अखेर समितीने समतोलाचा ठराव केला: देवश्रीने 'स्थैर्य मिळते' असे मांडावे, दीपमालाने 'स्थैर्य कधी कधी थोडे उशिरा मिळते' असे.

"बाबा, मी नाव मागे घेते," ती घरी म्हणाली.

"काहून?" धर्मेंद्र यांनी गणवेशाचा शर्ट खुंटीला अडकवला. "मी पंचवीस वर्षं नांदगाव-अमरावती करून राहिलो. मले कोणता व्हिसा लागते? तू बोल बिनधास्त."

स्पर्धेच्या दिवशी तिने दुरुस्त झालेला कागद समोर ठेवला आणि मूळ भाषण तोंडपाठ म्हटलं. पहिलाच शब्द 'अमेरिका'. चिंतामण सर बुटाची नाडी बांधायला वाकले; त्यांच्या पायात चपला होत्या. वामनरावांनी न वाजलेला फोन उचलला आणि ते बाहेर गेले. चित्रीकरण करणाऱ्याने कॅमेरा पंख्याकडे वळवला. भाषण संपल्यावर एकट्या देवश्रीने टाळ्या वाजवल्या.

निकाल लागला. देवश्री पहिली. दीपमाला अपात्र. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'स्पर्धक विषयावर बोलली.'

एसटी स्टँडपाशी चिंतामण सर दोन्हीकडे बघत तिच्याजवळ आले. "शंभर टक्के खरं बोललीस, पोरी."

"सर, हे आत म्हणायचं होतं."

"तीन वर्षं झाली, नातवाला पाहिलं नाही," ते हळूच म्हणाले. "या दिवाळीत येणार आहेत. आल्यावर परत जाताना सोहमला तिकडे अडवलं तर?"

दीपमालाने रागाने तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं, आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

देवश्रीने मोबाईलवर टिपलेलं ते भाषण दीपमालाने त्याच आठवड्यात इंटरनेटवर टाकलं. चार हजारांवर लोकांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. पसंतीचे अंगठे आले तीन: बाबांचा, देवश्रीचा आणि बाबांच्या एसटी आगारातल्या किसनरावांचा. बाकीच्यांनी ते मनातल्या मनात पसंत केलं असावं.

आपणही तसंच केलंत ना? काळजी नसावी. नाव कुठे दिसत नाही.