बाई झोपल्यात

खुळ्ळ! बाईंच्या पर्समधून त्यांच्या धाकट्याचा खुळखुळा घरंगळला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, पडदे शिवायच्या कारखान्यात मशिनं अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू आला. ऐकू आला नाही तो फक्त सुपरवायझर बाईंना. धाकट्याला दात येत होते. बाईंनी रात्र उभ्यानं काढली होती. मांडीवरच्या मऊसूत पडद्याची किनार तपासता तपासता त्यांची मान कलली आणि त्या तरंगत निघाल्या.

"झालं!" कड्या लावणाऱ्या मावशी कुजबुजल्या. "चारला मालक येणार. बारा पडद्यांच्या किनारी राहिल्यात. त्या झाल्या नाहीत तर बाईंची साहेबकी गेली, पुन्हा आपल्या शेजारी मशीनवर!"

"मग उठवा की," कटिंगमास्तर म्हणाले.

"तुम्हीच उठवा. परवा आईला दवाखान्यात न्यायला तुम्हाला घरी धाडून तुमचं कापड कुणी कापलं होतं?"

मास्तरांनी पायजम्याच्या नाडीशी चाळा केला. "मशीन नको, खडखडाटानं जाग येईल. हातानं घाला टाके."

बाराजणींनी बारा पडदे मांडीवर घेतले. बाईंच्या स्वप्नात पांढऱ्याशुभ्र पाण्यातून बारीक चंदेरी मासे सुळसुळत जात होते, आणि कुणीही ओरडत नव्हतं.

चारच्या ठोक्याला दार उघडलं. "काय चाललंय—"

"श्श!"

मालकांना जन्मात कुणी गप्प केलं नव्हतं. मास्तरांनी खुणेनंच बूट काढायला लावले. मालक मोज्यांवर चवड्याचवड्यानं बाईंपाशी गेले. "अहो बाई—"

बाईंनी डोळे मिटूनच त्यांचं बोट धरलं. "रडायचं नाही रे राजा. मी आहे ना इथंच."

मालक दहा मिनिटं वाकून उभे होते. बोट सुटेना, आणि ओढायचा धीर होईना.

शेवटी एकदाचं सुटलं. मालकांनी किनारींवरून हात फिरवला. "एवढे नाजूक टाके? माझ्यासाठी कधी नाही घातलेत!"

"तुम्ही झोपलाच नाहीत कधी," मावशी म्हणाल्या.

मालकांनी बूट हातात घेतले. "साहेबकी राहू देत बाईंकडेच. आणि उठवू नका."

संध्याकाळी बाईंनी घरी थोरलीला सगळं रंगवून सांगितलं. मावशींनी सांगितलेलं मालकांचं शाबासकीचं वाक्य तर दोनदा.

थोरलीनं दातात धरलेली वेणीची रिबीन काढली.

"आई, काम त्यांनी केलं. झोपलीस तू. मग शाबासकी तुला कशी काय?"