पलटणीचे चष्मे

चष्मेवाल्यांच्या एका हातात तपकिरी चामड्याची पर्स होती आणि दुसऱ्या हातात कात्री. नेमक्या त्याच वेळी त्यांची बायको दुकानाच्या मागच्या खोलीत आली.

"अहो! माझी पर्स!"

"अगं, तू कुठे वापरतेस ती?"

"म्हणून कापायची? हल्ली तुमचं डोकंही वापरलेलं दिसत नाही. मी आणली का कात्री?"

तोवर चष्मेवाल्यांनी पर्सचा पट्टा कापलासुद्धा होता. गॉगलच्या कडेला लावायला जुनं, मऊ पडलेलं, नेमक्या त्या रंगाचं चामडं हवं होतं आणि ते गावभर हिंडूनही मिळालं नव्हतं. घरच्या कपाटात मिळालं. आता वस्तू कपाटात मिळाली हा काही त्यांचा दोष नव्हे.

हे सगळं सुरू झालं ते जनरलमुळे. जनरल म्हणजे शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर. पण रविवारी त्यांना मास्तर म्हटलेलं चालत नसे. एअरसॉफ्ट नावाचा एक खेळ आहे. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुका, त्यांत प्लास्टिकचे छर्रे, आणि मोकळ्या माळावर दोन टोळ्यांची लढाई. छर्रा लागला की 'बाद' म्हणून हात वर करायचा आणि मुकाट्याने बाहेर जाऊन बसायचं. जनरलच्या टोळीचं वैशिष्ट्य असं, की ती लढायची तर जुन्या महायुद्धातल्या सैनिकांसारखी नटून. बक्कल त्या काळचं, बूट त्या काळचे, पाण्याची बाटलीसुद्धा त्या काळची. एकदा दंतवैद्यांनी प्लास्टिकचा कंगवा खिशात ठेवला, तर जनरलनी त्यांना सगळ्यांसमोर झाडलं.

अडचण एकच होती. ती म्हणजे डोळे. पंचांचा नियम कडक. न फुटणारी काच असलेला, चारही बाजूंनी बंद गॉगल नसेल तर मैदानात पाऊल टाकायचं नाही. आणि तसे गॉगल बाजारात मिळत ते सगळे आजकालचे, काळे-पिवळे चकाचक. ते चढवले की महायुद्धातला सैनिक थेट वेल्डिंगच्या दुकानातून आल्यासारखा दिसे. त्यात पलटण सगळी चाळिशीच्या पुढची, प्रत्येकाला नंबर. चष्म्यावर गॉगल चढवला की वाफ धरे आणि अर्धी फौज खड्ड्यात पडे.

म्हणून जनरल चष्म्याच्या दुकानात आले.

चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करून देतो. बाहेर न फुटणारी काच, आत ज्याची त्याची नंबराची काच, कडेला चामडं, वर पितळी कडं. वाफ जायला बारीक छिद्रं. पण एक अट आहे. मला पलटणीत घ्यायचं."

जनरलनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोटापाशी नजर थोडी रेंगाळली.

"बघू," ते म्हणाले. "एक लढाई घेऊ. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर चष्मे तेवढे द्या."

चष्मेवाल्यांना ही गोष्ट फार लागली. शाळेत खेळाच्या तासाला दोन कप्तान गडी निवडत, तेव्हा ते नेहमी शेवटी उरत. मग त्यांना गुण लिहायला बसवत. पुढे आयुष्यभर ते काउंटरच्या मागेच बसले. आता पन्नाशी गाठताना एकदा, फक्त एकदा, हातात बंदूक घेऊन समोरच्याला 'बाद' म्हणायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात चूक काय आहे? कुणाला घर बांधायचं असतं, कुणाला परदेश बघायचा असतो. यांना एका माणसाला बाद करायचं होतं.

मग काय, घरात युद्धाची तयारी सुरू झाली. लोखंडी टोप भंगारवाल्याकडून आला; तो धुऊन उलटा वाळत ठेवला, तर बायकोने त्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. जाड ब्लँकेटचा कोट शिवायला टाकला, तेव्हा शिंप्याने मापं घेता घेता विचारलं, "बँडपथकात घेतलं वाटतं? काय वाजवता?" तळाला खिळे ठोकलेले बूट आले, ते पायात बसावेत म्हणून चष्मेवाले दिवसभर दुकानात घालून फिरू लागले. गिऱ्हाईक दारातून आत आलं की आतून खाड खाड आवाज येई आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरके.

"फरशीवर ओरखडे पडताहेत," बायको म्हणाली.

"युद्ध आहे."

"युद्ध माळावर आहे ना? मग माझ्या फरशीने काय घोडं मारलंय?"

पण तीसुद्धा मनाची वाईट नव्हती. शेवटच्या आठवड्यात तिनेच बसून सगळ्या गॉगलांच्या चामड्याला टाके घातले. आपल्याच पर्सचे तुकडे शिवताना तिने दोन-तीनदा सुस्कारा सोडला, तोही चष्मेवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या बेताने.

गॉगल मात्र झाले झकास. एकसारखे एक, कुठला कुणाचा हे त्यांच्या बापालाही ओळखता आलं नसतं. म्हणून चष्मेवाल्यांनी प्रत्येकाला छोटी चिठ्ठी चिकटवली: दंतवैद्य, विमा एजंट, प्लंबर, जनरल.

रविवारी सकाळी माळावर पंचांनी एक गॉगल लाकडी ठोकळ्यावर बांधला आणि अगदी जवळून त्यावर छर्रे झाडले. टक, टक, टक. काचेवर साधा ओरखडासुद्धा नाही. पंचांनी मान डोलावली. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

मग जनरलची तपासणी झाली. त्यांनी एक गॉगल उचलला, चामडं हुंगलं, पितळेवर नख मारून पाहिलं आणि खूश झाले. तेवढ्यात त्यांना चिठ्ठी दिसली.

"हे काय?"

"नावं आहेत साहेब. म्हणजे कुणाचा—"

"त्या काळी सैनिकाच्या गॉगलवर 'विमा एजंट' लिहिलेलं असायचं?"

"नाही, पण—"

"सैन्यात 'पण' नसतं!" जनरल गरजले आणि त्यांनी भराभरा सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या. मग सगळे गॉगल एका कॅनव्हासच्या पोत्यात टाकले. पोतं त्या काळचं होतं.

बोलायला हवं होतं, हे चष्मेवाल्यांना कळत होतं. पण बोललो तर पुन्हा गुण लिहायला बसवतील, हेही कळत होतं. त्यांना वाटलं, गॉगल वाटायच्या आधी पोतं हातात मिळेल, एकेक उजेडात धरून नंबर ओळखू, हाय काय अन् नाय काय. पण पोतं जनरलनी स्वतःच खांद्यावर टाकलं आणि मैदानाच्या कडेला उभं राहून हाताला येईल तो गॉगल हाताला येईल त्याला दिला.

"चढवा!"

सगळ्यांनी चढवले. पंचांनी शिट्टी फुंकली. आता खेळ संपेपर्यंत डोळ्यांवरून गॉगल काढणारा बाद.

"चष्मेवाले," दंतवैद्य झाडाचा आधार घेत म्हणाले, "मला जमीन वर आल्यासारखी वाटतेय."

"माझं डोकं गरगरतंय," प्लंबर म्हणाला.

आणि इथे चष्मेवाल्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप निघून गेलं, "नवा नंबर आहे ना, सवय होईल."

"होईल, होईल," सगळे म्हणाले. दुकानदाराच्या शब्दावर लोकांचा किती विश्वास असतो बघा. फौज पुढे निघाली. त्यातले दोघे मागे निघाले, पण तेही आपण पुढेच चाललोय अशा समजुतीने.

"तुम्ही इथेच," जनरल जाता जाता म्हणाले. ते हे एका झुडपाकडे बघून म्हणाले, पण चष्मेवाल्यांनी ते आपल्याला म्हटलंय असं ओळखलं. "सामानाची राखण करा. डोळ्यांत तेल घालून."

म्हणजे झालंच. पेट्यांवर बसायचं. काउंटरच्या मागे बसतात तसं. चष्मेवाल्यांना इतकं वाईट वाटलं, की गॉगलच्या आत डोळे भरून आले. आणि पुसायची सोय नव्हती.

त्यांना स्वतःला मिळाला होता जवळच्या नंबराचा विमा एजंटचा गॉगल. हातभर अंतरावरचं अगदी लख्ख. मुंगीचे पाय मोजता येतील असं. त्यापलीकडे सगळं धुकं. त्या धुक्यातून आवाज तेवढे येत होते.

"अरे मी आपलाच आहे!"

"सगळे असंच म्हणतात! घे!"

"बाद! अरे मूर्खा, मी तुझा विमा उतरवलाय!"

मग दंतवैद्यांचा आवाज आला, "शत्रूचा झेंडा मिळाला! झेंडा मिळाला!" आणि पाठोपाठ पंचांचा थकलेला आवाज, "डॉक्टर, तो टॉवेल आहे. माझा आहे. खाली ठेवा." एकामागून एक पलटणीतले लोक बाद होत होते, आणि बहुतेकांना बाद करणारे घरचेच होते. शत्रूला तसदी पडली नाही.

पण कुठल्याही एका टोळीचा कप्तान बाद झाल्याशिवाय खेळ संपत नाही, असा नियम होता. आणि जनरल कुणाला सापडतच नव्हते.

एवढ्यात पावलं वाजली. धुक्यातून एक काळी आकृती आली, जवळ येता येता स्पष्ट झाली आणि पेटीवर धपकन बसली. काळा पोशाख, दंडाला लाल पट्टी. शत्रूचा कप्तान! चष्मेवाल्यांची पाचावर धारण बसली. पण कप्तानाने बंदूक मांडीवर आडवी टाकली होती. त्याच्या चकाचक गॉगलवर आतून इतकी वाफ धरली होती, की डोळे दिसतच नव्हते.

"कोण बसलंय? सामानवाले का?" कप्तानाने विचारलं.

"हो," चष्मेवाले म्हणाले. खोटं काय बोलायचं?

"बसा बसा. मला काही दिसत नाही हो. दर वेळी हेच. तुमच्या लोकांना वाफ धरत नाही म्हणे?"

"नाही धरत. छिद्रं आहेत. वरून तिरपी."

"कोण बनवतं?"

"मी."

"तुम्ही? मग तुम्ही इथे सामानावर काय करताय? अहो, आमच्या सगळ्या टोळीला पाहिजेत. आत्ता सांगतो. पक्कं समजा."

बारा जणांची टोळी. एवढं मोठं काम दुकानाला कधी मिळालं नव्हतं. चष्मेवाल्यांचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तोंडात "या ना, बसून बोलू" एवढं आलंसुद्धा होतं. आणि तेवढ्यात त्यांना समोर, हातभर अंतरावर, अगदी लख्ख दिसली ती कप्तानाची छाती. काळ्या कापडावरचा एकेक टाका दिसत होता.

इतक्या जवळून छर्रा झाडायचा नाही, खांद्यावर हात ठेवून तोंडाने सांगायचं, असा नियम होता. चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. पेन्सिल सोडली. कप्तानाच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ करा हं," ते म्हणाले. "तुम्ही बाद."

कप्तानाने नियमाप्रमाणे हात वर केला. मग म्हणाला, "आणि चष्मे?"

"ते उद्या दुकानात. आता आधी बाद."

पंचांनी लांब शिट्टी फुंकली. खेळ संपला. पलटण जिंकली, असं पंचांनी तीनदा सांगितलं तरी पलटणीला खरं वाटेना. जनरल सापडले ते माळाच्या टोकाला. पाण्याच्या उभ्या टाकीसमोर बंदूक रोखून ते पाऊण तास उभे होते आणि "हात वर कर, शेवटचं सांगतो" असं बजावत होते. टाकी ऐकत नव्हती.

गॉगल काढल्यावर त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. "ही सगळी माझी चाल होती," ते म्हणाले. नंतर आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पुढच्या रविवारी तुम्ही पहिल्या रांगेत या." बाकी चिठ्ठ्यांबद्दल ते बोलले नाहीत, आणि चष्मेवाल्यांनीही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शत्रूचा कप्तान खरंच दुकानात आला. बायकोने हळूच विचारलं, "हे कोण?"

"माझे शत्रू."

"मग शत्रूंना चहा सांगू ना?"

चहा आला. कप्तानाने नमुन्याचा गॉगल हातात फिरवला. "व्वा! अगदी असेच करा. आत ज्याचा त्याचा नंबर घाला, टोळीतली मुलं एकेक करून येऊन डोळे तपासून जातील. पण दिसायला सगळे एकसारखे पाहिजेत. नाव, खूण, चिठ्ठी असलं काही नको. रुबाब जातो."

आदल्या रात्रीच चिठ्ठ्यांची सगळी कथा ऐकलेल्या बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. दुकानदार म्हणून सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांत या दुकानातून गिऱ्हाइकाला कधी काही लपवून दिलेलं नव्हतं. ती तोंड उघडून म्हणाली, "अहो, पण—"

काउंटरखाली खिळ्यांचा बूट फरशीवर एकदा खाडकन वाजला.

"सैन्यात 'पण' नसतं," चष्मेवाले म्हणाले, आणि कप्तानाला खुर्चीत बसवून फार काळजीपूर्वक त्याचा एक डोळा झाकला. "हं, आता खालची ओळ वाचा बघू."