हात वर

जमिनीवर जेवढा पसारा घालता येईल तेवढा घालून झाला की माणसाचे लक्ष भिंतीकडे जाते. याला प्रगती म्हणतात. आमच्या घरी ती नुकतीच आली. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर सलग कपाटे आणि बाथरूममध्ये बेसिनच्या वर आरशाचे कपाट, अशी दोन ठिकाणी ती स्क्रूने पक्की बसवून घेतली, त्यामुळे आता ती कुठे जाईल अशी भीती नाही.

भिंतीवरच्या कपाटाचे फायदे अनेक आहेत. पहिला म्हणजे दार लावले की आतले दिसत नाही. (बाकीचे यातच आले.) घरातल्या नव्वद टक्के वस्तू ‘लागेल कधीतरी’ या वर्गात मोडतात आणि उरलेल्या दहा टक्के सापडत नाहीत, असे आमच्या घरगुती पाहणीत आढळून आले आहे. या सर्वांची सोय आता एकाच छताखाली, किंबहुना छताला लागूनच झाली.

कपाटे किती उंचीवर लावायची, हा प्रश्न ट्रॉल्या आणि कपाटे करून देणाऱ्या ट्रॉलीवाल्याने शास्त्रीय पद्धतीने सोडवला. आम्हा सगळ्यांना त्याने भिंतीपाशी उभे केले आणि म्हणाला, “हात वर करा.” मी केले, बायकोने केले, बास्केटबॉल खेळणाऱ्या आमच्या मुलीनेही केले. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, सरासरी काढली आणि ती मुलीच्या बाजूला जराशी झुकवली, कारण तिला अजून वाढायचे आहे.

आईचा हात मोजायचा राहिला. यात कोणाचा दोष नाही. त्या वेळी ती सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती आणि हातात ट्रे असलेल्या माणसाला हात वर करता येत नाहीत, हे कोणीही मान्य करील. “आजी, चहा एक नंबर,” असे म्हणून ट्रॉलीवाल्याने तिची आवर्जून दखल घेतली.

इथे हे सांगायला हवे की घरातला सगळा स्वयंपाक आईच करते. आम्हाला तिच्याच हातचे आवडते. (तिलाही करायला आवडत असावे. विचारायची वेळ कधी आली नाही.)

कपाटे लागल्यावर आईने टाचा उंचावून हात वर नेला. बोटे दारापर्यंत पोचली. दार उघडत होते, ही जमेची बाजू. आतले काही घेता येत नव्हते, ही किरकोळ.

“अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,” ती म्हणाली, “तसं हात पाहून कपाट लावायला नको?”

मी ट्रॉलीवाल्याला फोन केला. “साहेब, सगळ्यांचे हात मोजूनच लावलंय,” असे म्हणून त्यानेही हात वर केले. (हे फोनवर दिसत नाही, पण कळते.)

आईने आपल्यापुरता कप आणि साखरेचा डबा गॅसशेजारी ठेवून पाहिला. बायकोने तो मान राखून वर ठेवला. ओटा मोकळा दिसला पाहिजे, नाहीतर कपाटे कशाला लावली? “आई, लागेल ते सांगा, मी काढून देते,” असे ती म्हणाली आणि तो शब्द तिने पाळला. आम्ही ऑफिसला निघण्यापूर्वी आईने दिवसभराची मागणी तोंडी सादर करायची, अशी पद्धत पडली. दुपारी चहा प्यावासा वाटणार आहे की नाही, हे सकाळीच ठरवावे लागल्यामुळे तिच्या आयुष्याला शिस्त आली.

बाथरूमचा आरसाही त्याच सरासरीने लावला आहे. त्यात आईला स्वतःचा भांग व्यवस्थित दिसतो. कपाळाच्या खाली काय परिस्थिती आहे, ते आम्ही तिला सांगतो.

मध्यंतरी मुलीने स्टूल आणले. आई त्यावर चढली, स्टूल डुगडुगले आणि आम्ही तिला धरून खाली उतरवले. पडली म्हणजे? ती पुन्हा चढू नये म्हणून सुरक्षेच्या कारणास्तव ते स्टूल कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवण्यात आले. ते काढायला स्टूल लागते, म्हणजे बंदोबस्त चोख आहे.

“इतकी वर्षं या ओट्यापाशी उभी आहे,” आई म्हणाली, “आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखा कप मागायचा.”

“मग पाहुण्यासारख्या बसा ना आरामात,” बायको म्हणाली. तिने ते प्रेमानेच म्हटले होते.

पुढच्या रविवारी मेव्हणा आणि त्याची बायको कपाटे बघायला आले. त्यांनी सगळी दारे उघडून आणि मिटून पाहिली. आमची दारे आपटत नाहीत, शेवटच्या वितीला आवाज न करता आपोआप मिटतात. घरातल्या माणसांनी घेण्यासारखा गुण आहे. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, “आई, चहा टाकतेस ना?”

आई पाहुण्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली होती. ती तिथून उठली नाही. तिने सावकाश दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले.

“माझेही हात वर,” ती म्हणाली. “घे, आता मोजून घे.”

मेव्हण्याने छताकडे पाहिले. चहा मी केला. कप माझ्या हाताला अगदी सहज आले, याबाबतीत ट्रॉलीवाल्याला मानले पाहिजे. साखर मात्र सापडेना.

“आई, साखर कुठे आहे?”

“वर,” बाहेरून आवाज आला.

ती सापडली नाही. मला वाईट वाटले. चहा त्याहून वाईट झाला होता. आईने तो पाहुण्यांसारखा पूर्ण संपवला, “छान झालाय हो,” म्हणाली आणि कप तिथेच टीपॉयवर ठेवून दिला. तेव्हापासून आमच्याकडे चहा मी करतो, आणि आईचे हात अजून खाली आलेले नाहीत.

तुम्हीही कपाटे लावणार असाल, तर आधी घरातल्या सगळ्यांचे हात वर करून मोजून घ्या. चहाचा ट्रे हातात असलेले माणूस तेवढे राहून जाईल. पण तुम्ही कशाला काळजी करता? तुम्ही निवांत बसून हे वाचताय, म्हणजे तो ट्रे तुमच्या हातात नाही, हे उघडच आहे.