साळोबाचा पत्ता

बाळांनो, एका जंगलात पाणी वर होतं आणि जमीन खाली. मध्ये बांध घालून प्राणी सुखात राहत. बांधाकाठी एक टुमदार गाव होतं. गावकरी सकाळी आगगाडीने शहरात कामाला जात आणि संध्याकाळी खिडक्यांचे पडदे उघडे ठेवून जेवत. पडदा ओढणाऱ्याबद्दल गावात कुजबुज होई.

साळोबा नावाच्या साळिंदराला या गावात बीळ हवं होतं. शहरात तो एका घुशीकडे पोटभाडेकरू होता. बायकोचे, केवडाचे, दिवस भरत आले होते आणि घुशीने महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं होतं.

गावात एक बीळ रिकामं झालं. साळोबा पहिल्या गाडीने पोचला. बिळं वाटायचं काम बगळ्याकडे होतं. बगळा फार सभ्य. त्याने साळोबाला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मग अर्ज वाचला.

"गावातला पत्ता?"

"तोच तर हवाय, साहेब."

"बीळ आधी गावकऱ्यांना मिळतं. आणि पत्ता नाही तो गावकरी नाही."

साळोबाने केवडाची अवस्था सांगितली. बगळ्याला मनापासून वाईट वाटलं. पण नियम त्याला त्याहून प्रिय होता.

रांगेत मागे गोगलगाय होती. तिच्या पाठीवर घर होतं आणि ती गावात उभी होती. म्हणजे पत्ता झाला. बीळ तिला मिळालं.

गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते उगाच नाही. तिने बाहेर येऊन साळोबाला गाठलं आणि तेच बीळ भाड्याने देऊ केलं. अट एकच.

"राहा खुशाल, भाऊ. फक्त इथं राहता असं कुठं लिहायचं नाही."

गरजवंताला अक्कल नसते. साळोबाने मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात केवडाला त्या बिळात दोन पिल्लं झाली. बगळा रीतीप्रमाणे अभिनंदनाला आला. बिळात ऐसपैस बसून त्याने कॉफी घेतली, पिल्लांचं कौतुक केलं आणि वही उघडली.

"जन्म कुठं झाला?"

साळोबाला गोगलगायीची अट आठवली. केवडाला मात्र संताप आला होता. ती अंथरुणातून म्हणाली, "वाटेत."

बगळ्याने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाटेत'.

तात्पर्य : बेघरांनी धीर सोडू नये. आधी घर घ्यावं, मग घर मिळतं.