मुस्तफाभाईंच्या सलामाचा जवाब

ईशान, मीरा, रविवारी तुम्ही विचारलंत, "आजी, बाबांनी बसवलेला डबा भिंतीवर का नाही?" त्याचं उत्तर म्हणजे आमचे शेजारी मुस्तफाभाई.

मुस्तफाभाई दिसेल त्या कॅमेऱ्याला सलाम करतात. बँकेत, औषधांच्या दुकानात, सिग्नलवरसुद्धा. एकदा एटीएमपुढे त्यांनी हात कपाळाला नेला, तशी मागची रांग हसली.

"हसता काय? तिकडं कुणीतरी बसलं असंल बिचारं!"

माझ्या हॉलमधला डबा घरातली चाहूल ऐकायचा आणि काही वेगळं वाटलं तर तुमच्या बाबांना कळवायचा. डबा असेल तरच मी इथे एकटी राहणार, नाहीतर तुमच्याकडे यायचं, असं ठरलं होतं. मुस्तफाभाई आले की आधी डब्याला सलाम, मग मला.

गेल्या महिन्यात मला खोकला झाला. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा कंपनीचा फोन, "मॅडम, खोकल्यावर आमचा काढा घ्या."

मी हे सांगितलं, तसे मुस्तफाभाई डब्याकडे बघतच राहिले. "इतके दिवस सलामाला जवाब नाय दिला, आन खोकला बराबर ऐकला!"

त्यांनी डब्याच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, आम्ही माहिती बाहेर देत नाही. फक्त भागीदार कंपन्यांना देतो."

"बेटी, तुझ्या आजीचा खोकला असा विकशील का?"

ती हळूच म्हणाली, "मी वरच्यांशी बोलते."

आठवड्याने तिचाच फोन आला. माझे सगळे आवाज पुसून टाकले होते, आणि यापुढे विचारल्याशिवाय कुणाचेच देणार नव्हते. माझा जीव भांड्यात पडला. डबा मात्र मी भिंतीवरून उतरवलाच.

आता मी इथे राहायचं कसं?

"मी हाय ना," मुस्तफाभाई म्हणाले. "रोज सकाळी कुंपणाशी येऊन सलाम करीन. जवाब नाय आला तर तुमच्या लेकाला फोन." तुमचे बाबा आधी हसले, मग चक्क कबूल झाले.

परवा मी म्हटलं, "भाई, माझ्यापायी तुम्हाला रोजचा त्रास."

ते जास्वंदीची वाळलेली पानं खुडत राहिले. "तरास कसला, ताई? माझी झुबेदा गेली तवापासून घरात सलाम केला, तर जवाब द्यायला कोन हाय?"

काल ते लग्नासाठी सिल्लोडला होते. सकाळी फोन वाजला. मागे बँडचा गोंगाट. "सलाम, ताई!" ते ओरडले. मीही तेवढ्याच जोरात जवाब दिला.

डबा माळ्यावर आहे. मी माझ्या घरात आहे. सलाम रोज येतो.